मास्तरचं शेवटचं वाक्य

मोटारसायकलवाल्यांच्या त्या गटात सगळे त्याला 'शेपूट' म्हणत, आणि त्यात अपमान मुळीच नव्हता. गाड्या ओळीने निघाल्या की सर्वांत पुढे कप्तान आणि सर्वांत मागे शेपूट, असा नियम होता. शेपटाने कुणालाही मागे टाकायचं नाही. कुणाची गाडी बंद पडो, कुणाचं सामान सुटो, कुणाला झाडामागे जायची घाई होवो, शेपटाने थांबायचं आणि तो माणूस निघाल्यावरच आपण निघायचं. ज्याला मिरवायची हौस नाही त्यालाच हे काम जमतं. त्याला ते चौदा वर्षं जमत होतं.

एरवी त्याचा धंदा कवळ्या करायचा. जिन्याखालच्या लांबट खोलीत त्याचं टेबल होतं. दंतवैद्यांकडून लोकांच्या हिरड्यांचे ठसे येत. तो त्यांत प्लास्टर ओतून साचे काढी, मेणात एकेक दात बसवी, मग मेणाच्या जागी गुलाबी रसायन भरून ते शिजवी, घासी, चकचकीत करी. फळीवर चाळीस-पन्नास जबडे ओळीने मांडलेले असत. "एवढी तोंडं, पण एकही कुरकुरत नाही," त्याची बायको म्हणे. "म्हणून तर तुमचा पाय घराकडे वळत नाही."

एका दुपारी तिथे कप्तान आला. कप्तान म्हणजे गटाचा म्होरक्या. पोटापाण्यासाठी बेकरी चालवायचा. माणूस आडवा, आवाज त्याहून आडवा. तो आत आला की त्या खोलीत हवेला जागा उरत नसे. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून मेण वितळवायच्या दिव्याशेजारी पसरला.

"दगड ठरला," कप्तान म्हणाला. "काळा, कमरेएवढा. त्या वळणावरच बसवायचा. परवानगी काढलीये. वर मास्तरचं नाव, खाली तारीख, आणि मधे मोठ्या अक्षरांत..."

"कळलं."

"'थांबू नका!' लांबून येणाऱ्याला दिसलं पाहिजे. पाच वर्षं होतायत, काहीतरी कायमचं नको का? आणि दुसरी गोष्ट. नीट बस आधी."

"बसलोच आहे मी."

"वर्षदिनाच्या फेरीला पोरगी येतेय. मास्तरची. बापाची गाडी घेऊन!" कप्तानाचे डोळे भरून आले होते. "परवाना मिळाला तिला. मला म्हणाली, बाबांनी सांगितलंय ना थांबू नका, मग मी का थांबू? अरे, काटा आला अंगावर. ओळीत शेवटची ती, आणि तिच्यामागे तू. जसा त्याच्यामागे होतास तसा."

शेपटाच्या हातातला दात मेणात कलला होता. त्याने तो सरळ केला. तो पुन्हा कलला.

"बरं," तो म्हणाला. गेली पाच वर्षं तो हेच म्हणत आला होता.

मास्तर हा त्याचा मित्र. शाळेत भूगोल शिकवायचा. एकदा चिखलात घसरून मास्तरचा पुढचा दात पडला होता, तो याने करून दिला. जरा जास्तच पांढरा झाला. बदलून देतो म्हटलं तर मास्तर ऐकेना. "राहू दे. हसलो की पहिला तूच दिसतोस," म्हणाला. गाडी चालवायचा सावकाश, आणि दर दोन-चार मैलांवर थांबायचा. कुठे कातळाचा थर दिसला, नदीने जुनं पात्र सोडलेलं दिसलं, की मास्तरची गाडी रस्त्याच्या कडेला. सगळा गट वैतागायचा आणि शेपूट त्याच्याबरोबर थांबायचा. अशानेच दोघांची गट्टी जमली होती.

त्या दिवशी डोंगरातल्या रस्त्यावर मास्तर सातव्यांदा थांबला. मागच्या बॅगेचा पट्टा सैल झाला होता. शेपटालाही थांबावं लागलं. ऊन डोक्यावर होतं, पोटात कावळे ओरडत होते, बाकीचे कधीच पुढे गेले होते. तो काही बोलला नाही, पण वैताग तोंडावर दिसला असावा. मास्तर पट्ट्याशी झटापट करत हसला.

"तू हो पुढे. आलोच मी."

आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा शेपूट पुढे झाला.

अकरा मैलांवरच्या पेट्रोल पंपावर तो थांबला, चहा घेतला, वाट पाहिली. दुसरा चहा घेतला. मग त्याने गाडी उलटी वळवली. त्या वळणावर एक ट्रक उभा होता. ट्रकवाल्याने मास्तरवर आपली चादर घातली होती, तोंडावरूनसुद्धा. "पडून अर्धा तास झाला असेल," ट्रकवाला म्हणाला. "थोडा वेळ शुद्धीवर होता. मित्र पुढे गेलाय, येईल म्हणत होता." शेपूट खाली बसला आणि त्याने चादरीखालून मास्तरचा हात ओढून घेतला. पोलीस आले, जबाब देऊन ट्रकवाला गेला, आणि मग कप्तान नि बाकीचे परत येऊन पोहोचले. त्यांना दिसलं ते एवढंच, की शेपूट मास्तरचा हात धरून बसलाय. हा जवळ होता, असं त्यांनीच गृहीत धरलं. त्याने ते खोडलं नाही.

इस्पितळात मास्तरची बायको धावत आली. तिने याची बाही धरली. "भाऊजी, तुम्ही होतात ना जवळ? काही बोलले का ते?"

"हो," तो म्हणाला. आता 'हो' म्हटल्यावर पुढे काहीतरी यायला हवं. ती तोंडाकडे बघत होती, तिच्यामागे सगळा गट उभा होता, आणि त्यांच्या डोक्यांवर, दरवाज्याशेजारच्या भिंतीवर, लाल अक्षरांतली पाटी होती. येथे थांबू नका. त्याने ती वाचली.

"म्हणाला, थांबू नका."

कप्तान तिथेच भिंतीला डोकं टेकून हमसून हमसून रडला.

गट बंद करायचा म्हणणारे त्या वाक्याने गप्प झाले. सहा महिन्यांत ते वाक्य जाकिटांच्या पाठीवर आलं, मग गाड्यांच्या टाक्यांवर, मग कपांवर. दर वर्षी त्या तारखेला सगळे त्या वळणापर्यंत जात, आणि शेपटाला मधे उभं करून त्याच्याकडून ते ऐकत. पहिल्या वर्षी तो अडखळला, तर लोकांना हुंदका वाटला. दुसऱ्या वर्षी कुणीतरी विचारलं, पाणी मागितलं का हो त्याने? तो म्हणाला, नाही. मग नंतर वाटलं, मागितलं असेल, मला काय माहीत. गट सोडायचा विचार त्याने शंभरदा केला. पण मास्तरच्या शेवटच्या क्षणाचा साक्षीदार गट सोडून जाणार कसा? कारण काय सांगणार? हेल्मेट घातलं की स्वतःचाच श्वास त्याला दुसऱ्या कुणाचा तरी वाटे. काच वर केली तरी हवा पुरत नसे. तरी तो सगळ्यांच्या मागे गाडी चालवत राही आणि पुढचे लाल दिवे मोजत राही.

कप्तान येऊन गेल्यावर चार दिवसांनी पोरीचा फोन आला. "काका, गाडीचे ब्रेक बघून देता का? आई तोंड फुगवून बसलीये, पण तुम्ही या."

मास्तरचं घर तळमजल्यावर, पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक अरुंद बोळ. त्या बोळात मास्तरची दुरुस्त केलेली गाडी पाच वर्षं उभी होती. तिच्या नि भिंतीच्या मधून आडवं होऊन जावं लागे. वहिनी शिवणकाम करायच्या. कापडाचे गठ्ठे डोक्यावर धरून, पोट आत ओढून त्या तिथून ये-जा करत.

पोरगी पेट्रोल आणायला गेली होती. तो उकिडवा बसून ब्रेकची तार बघू लागला. वहिनी बोळाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या.

"भाऊजी, तिला एकदा सांगून बघा ना."

"काय सांगू?"

"जाऊ नको म्हणून. माझं नाही ऐकत. मी तोंड उघडलं की म्हणते, बाबा काय म्हणाले विसरलीस का." त्यांनी साडी घोट्याच्या वर जराशी उचलली. नडगीवर काळे-निळे डाग होते, जुने आणि नवे. "ही बघा माझी कमाई. रोज त्या पाय ठेवायच्या दांड्यावर आपटते. पहिल्याच महिन्यात भंगारात देणार होते ही गाडी. हात लावायचा धीर झाला नाही. मरता मरता माणूस सांगून गेला, थांबू नका. आणि मी त्याची गाडी विकून टाकू? म्हणून सांभाळली. आता तीच पोरीला घेऊन चाललीये. पंधरा दिवस झाले, डोळ्याला डोळा नाही. पण अडवू कशी? शेवटचा शब्द आहे त्यांचा."

त्याला बोळ एकदम अरुंद झाल्यासारखा वाटला. मागे दार, पुढे वहिनी, बाजूला गाडी. आत्ता सांग, तो स्वतःला म्हणत होता, आत्ता. तेवढ्यात दारात पोरगी आली, हातात डबा, गालावर तेलाचा ठिपका, बापासारखीच मान तिरकी करून हसत.

"झाले का ब्रेक?"

"झाले," तो म्हणाला, आणि पोट आत ओढून गाडीशेजारून बाहेर पडला.

तिथून तो सरळ बेकरीत गेला. मागच्या बाजूला भट्टीजवळ कप्तान पाव मोजून ट्रेमध्ये भरत होता. शेपटाने पिठाच्या पोत्यावर बसून सगळं सांगितलं. पट्टा, पेट्रोल पंप, दोन चहा, ट्रकवाला, भिंतीवरची पाटी. एका दमात, खाली बघून.

कप्तानाने हातातला ट्रे खाली ठेवला. मग त्याने भट्टीचं दार बंद केलं.

"कुणाला सांगितलंस हे?"

"तुलाच."

"मग इथेच ठेव."

"पण खोटं आहे ते, कप्तान."

"असेल. माझा भाऊ गेला तेव्हा मी अंथरूण सोडत नव्हतो. बायकोने भिंतीवर तेच लिहून लावलं. थांबू नका. मी उठलो. त्या एका वाक्यावर किती जण उठलेत, ठाऊक आहे तुला? ते आता तुझं राहिलेलं नाही, बाबा. तुला परत घेता यायचं नाही."

"पोरगी त्याच वाक्यावर गाडी काढतेय."

"चांगली चालवते. मी पाहिलीये." कप्तान जवळ आला. त्याचा आवाज पहिल्यांदाच हळू होता. "तुला मोकळं व्हायचंय, हे समजतं मला. पण तुझं ओझं उतरवून त्या बाईच्या डोक्यावर ठेवणार का तू? आणि दगड कोरून झालाय. काल."

शेपूट बाहेर आला तेव्हा अंगाला पावाचा वास येत होता. कप्तानाचं चुकतंय असंही त्याला म्हणता येईना. तेच तर वाईट होतं. पुढचे दोन दिवस त्याने कामात लक्ष घातलं, आणि एका म्हाताऱ्याच्या कवळीत वरचे दात खाली नि खालचे वर बसवले. बायकोने ते पाहिलं, पण नेहमीसारखी चेष्टा केली नाही. शेजारी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "अहो, काय ते एकदाचं बोलून टाका. मला नाही तर ज्याला सांगायचंय त्याला."

रविवारी सकाळी तो पुन्हा वहिनींकडे गेला. पोरगी बोळात गाडी पुसत होती. वहिनी शिलाई मशीनवर होत्या.

"मशीन थांबवता का जरा?" तो म्हणाला. "दोघींशी बोलायचंय."

वहिनींनी चाकावर हात ठेवला.

"मी तिथे नव्हतो," तो म्हणाला. "मास्तर पडला तेव्हा मी अकरा मैल पुढे होतो. चहा पीत होतो. मी पोहोचलो तेव्हा तो गेलेला होता. मला काहीच बोलला नाही तो. थांबू नका असं इस्पितळातल्या पाटीवर लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि तुम्हाला सांगितलं."

पोरीच्या हातातलं फडकं खाली पडलं. वहिनींच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"कसली पाटी?"

"दरवाज्याजवळची. 'येथे थांबू नका.' गर्दी करू नये म्हणून लावतात ती."

वहिनींच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. त्याला वाटलं, रडतायत. पण त्या हसत होत्या. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, आणि हसता हसताच डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "म्हणजे कळलं नव्हतं, पण कानाला खटकायचं. थांबू नका! हा माणूस म्हणेल? लग्नाच्या दिवशी वरात थांबवून मला टेकडी दाखवली होती यांनी." मग एकदम हसू गेलं. "पाच वर्षं, भाऊजी. पाच वर्षं मी या लोखंडाला अंग चोरून जगले. आणि तुम्ही येत होतात, माझ्या हातचा चहा घेत होतात, समोर बसून."

"हो."

"मग शेवटचं काय बोलले ते? तुमच्याशी?"

"तू हो पुढे, आलोच मी."

हे मात्र वहिनींच्या ओळखीचं होतं. दार लावताना, जेवायला हाक मारल्यावर, बसथांब्यावर सोडताना, मास्तर हेच म्हणायचा, आणि कधीच लगेच येत नसे.

"ट्रकवाल्याशी बोलला होता थोडं," शेपटाने स्वतःला ढकलून पुढे नेलं. "मित्र पुढे गेलाय, येईल, असं म्हणाला. पोलिसांच्या कागदांत असेल तुमच्याकडे."

"ते कागद मी उघडलेच नाहीत."

"म्हणजे तुमची वाट बघत होते बाबा," पोरगी म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "आणि तुम्ही दुसरा चहा मागवलात."

"हो."

"जा तुम्ही, काका."

तो गेला.

पुढे झालं ते असं. वहिनींनी त्याच आठवड्यात गाडी बोळातून बाहेर काढायला लावली. विकली नाही, मागच्या अंगणात पत्र्याखाली ठेवली. "चालवायची असेल तर तुझ्या मर्जीने चालव," त्यांनी पोरीला सांगितलं. "बापाच्या नावावर खपवू नकोस." पोरगी त्या वर्षी गेली नाही. शेपटाने गटाच्या बैठकीत उभं राहून सगळं सांगितलं. दोघे उठून गेले, एकाने त्याच्या अंगावर कप फेकला, आणि बाकीच्यांनी, कप्तानासकट, मान खाली घातली. मग कप्तानाने पुढचा विषय घेतला. दगड ठरल्याप्रमाणे बसला. काळा, कमरेएवढा, मोठ्या अक्षरांचा. त्या रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी गाड्याही म्हणे तिथे आता हॉर्न वाजवून जातात. मागे चालायला दुसरा कुणी नेमला गेला. सिग्नलला उभं असताना एखाद्या टाकीवर ते दोन शब्द अजून शेपटाच्या समोर येतात, आणि दिवा हिरवा होईपर्यंत त्याला त्यांच्याकडे बघत बसावं लागतं. ते आता तो असेपर्यंत असणार, नंतरही असणार.

वर्षदिनाच्या सकाळी तो दुकानातच होता. मोठ्या रस्त्यावरून गाड्या गेल्या. तो हातातलं काम तसंच धरून आवाज संपेपर्यंत बसून राहिला.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, भर दुपारी, पोरगी दुकानात आली. बसली नाही. फळीवरचे जबडे बघत उभी राहिली.

"मी ते कागद वाचले," ती म्हणाली. "आईनेही वाचले."

त्याने घासायची मोटर बंद केली.

"माफबीफ केलं असं समजू नका. मला राग आहेच."

"असू दे."

"पण त्या दिवसाचं जे आम्हाला माहीत होतं, ते सगळं त्या एका वाक्याचंच होतं. ते काढून टाकल्यावर माझ्याकडे काहीच उरलं नाही. त्या दिवशीचे बाबा फक्त तुम्ही पाहिलेत." तिने स्टूल ओढलं आणि बॅग मांडीवर घट्ट धरून बसली. "पहिल्यापासून सांगा. सकाळपासून. आणि माहीत नसेल तिथे माहीत नाही म्हणा."

त्याने हात पुसले. घसा खाकरला. पाच वर्षं तो हा दिवस फक्त शेवटाकडून सांगत आला होता, त्यामुळे सकाळ आठवायला त्याला वेळ लागला.

"निघायलाच उशीर झाला," तो म्हणाला. "तुझ्या बाबांचा एक हातमोजा सापडत नव्हता. अर्धा तास शोधला आम्ही. आणि तो होता त्याच्याच हेल्मेटमध्ये."

पोरगी हसली नाही. "कुठल्या हाताचा?" तिने विचारलं.

"डाव्या," तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, "नाही. ते मला नक्की आठवत नाही."

"बरं," ती म्हणाली. "पुढे?"